पाना घरी ठेवायचा

रविवार, २ नोव्हेंबर

क्लबची मासिक सभा, नेरूळच्या हॉलवर. आधी अध्यक्षांचं स्वागत, मग अध्यक्षांनी केलेलं स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचे आभार. पुष्पगुच्छ एकच होता, तोच फिरत होता. शेवटी कामाचा विषय निघाला तेवढ्यात समोसे आले.

काम तसं एकच, पण खरं. रुग्णसाहित्य. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, आणि हँडल फिरवून डोकं-पाय वर करता येणारे लोखंडी बेड. घरी कोणी अंथरुणाला खिळलं की न्यायचं, गरज संपली की परत द्यायचं. हे सगळं शिरवण्याच्या गुलाबताई म्हात्रे बघतात. सामान त्यांच्याच बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात असतं. गावातलं जुनं शेतीवालं घराणं, आता चाळीसभर भाडेकरूंच्या मालकीणबाई. दोन्ही गुडघे गेलेत, जानेवारीत ऑपरेशन. त्याआधी गाळ्याची चावी कोणाच्या तरी हाती द्यायची आहे.

अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. "अनंतरावांनी जन्मभर जासईच्या यार्डात कंटेनर सांभाळले. बेड काय, डाव्या हातचा मळ."

गु.ताई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "या बगू गाळ्यावर. चावी कोनाला द्यायची ते मग मी ठरवीन."

मला ती चावी हवी आहे. रिटायर झाल्यापासून लग्न आणि बारसं सोडून मला कोणी कुठे बोलावलेलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हें.

गाळ्यावर गेलो. व्यवस्था म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेलं. 'काळा वॉकर – करावे, तलावासमोर.' 'मोठा बेड – सुर्वे, कोपरखैरणे.' कधी नेला, कधी यायचा, पत्ता नाही. विचारलं तर म्हणाल्या, "डोक्यात हाय की." बेड एकही शिल्लक नव्हता. सगळे बाहेर.

यार्डात आम्ही रिकाम्या कंटेनरच्या मागे हात धुऊन लागायचो. गिऱ्हाइकाला ठरावीक दिवस द्यायचे, उलटले की फोन, तरी नाही आला तर रोज फोन. ताईंच्या डोक्यातल्या तारखा आणि फोन नंबर विचारून घेतले, घरी येऊन कॉम्प्युटरवर झकास तक्ता केला. हिरवा, पिवळा, लाल.

शैलाने खांद्यावरून बघितलं. "लाल म्हणजे काय?"

"मुदत संपली."

ती काही न बोलता आत गेली. बायको बोलत नाही तेव्हा थांबून विचार करावा, हे मला अजून...

मंगळवार, ११ नोव्हें.

सकाळपासून लालवाल्यांना फोन. पहिलाच छान गेला. सीवूड्सच्या बाई म्हणाल्या, खुर्ची कधीची पडून आहे, न्या. म्हटलं बघा, पद्धत म्हणजे पद्धत.

दुसरा सुर्व्यांना. मुलाने उचलला. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या नावावरच्या बेडची मुदत संपली आहे. कधी रिकामा होईल?" हो, याच शब्दांत. तीस वर्षं रोज हेच विचारत आलो.

पलीकडून तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "बाबा अजून आहेत, काका. रिकामा झाला की कळवतो."

पुढचे फोन केले नाहीत. जेवण गेलं नाही. शैलाला सांगितलं नाही, पण तिला कळलंय.

बुधवार, १२ नोव्हें.

गु.ताईंना जाऊन सांगितलं. दारात पाटावर बसून करंदी सोलत होत्या. झापतील म्हणून तयारीत होतो. हात थांबवला नाही.

"तुमी यार्डातलं तोंड घेऊन आलात, कंटेनरसाहेब. आता त्यांच्या घरी जा. बेडचं नाव काढू नका. नुसते जाऊन बसा."

"बसून काय बोलू?"

"नाय सुचलं तर गप बसा. तिथं बसायला पन मानूस लागतो."

मग म्हणाल्या, सुनेला पुऱ्या करायला सांगितल्यात, खाऊन जा. खाल्ल्या.

रविवार, १६ नोव्हें.

कोपरखैरण्याला गेलो. महेश सुर्वे, चाळिशीचा. वडील मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. आता अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. बायकोची शिफ्ट, मुलं क्लासला, घरी महेश एकटा. माझी माफी मागून झाली. तो "अहो असू दे" म्हणाला आणि वडिलांना पेज भरवत राहिला. इतकं निगुतीने भरवताना मी आजवर कोणाला पाहिलं नाही. मान किंचित वळवायची, चमचा गालाकडून द्यायचा, गिळलं की नाही ते गळ्याला दोन बोटं लावून बघायचं. म्हाताऱ्याला एकदाही ठसका लागला नाही.

मग म्हणाला, "काका, तुम्ही तासभर आहात का? केस कापून येतो."

मी बसलो. म्हातारा मला बघत होता, मी त्याला. बेडचं डोकं थोडं वर केलं, तर त्याला खिडकीतून खालचं पार्किंग दिसायला लागलं. कोण गाडी वाकडी लावतंय ते आम्ही दोघांनी बघितलं. बराच वेळ.

महेश परत आला तो वेगळाच दिसत होता. निघताना म्हणाला, "पुढच्या रविवारी याल?"

शनिवार, २२ नोव्हें.

रबाळ्याहून फोन आला म्हणून गेलो. संतोष. कारखान्यात माळ्यावरून पडला, मणका गेलाय. हॉस्पिटलने घरी सोडला. एक खोली, जमिनीवर गादी. बायको रेखा त्याला काखेत हात घालून उचलते, चणीने त्याच्या अर्धी. पाठ लाल झालीय, एका जागी सोलवटलीय. डॉक्टरांनी सांगितलंय, जखम झाली तर ऑपरेशन पुढे जाणार.

तो म्हणाला, "साहेब, माझ्याआधी हिचीच कंबर जाईल." हसायचा प्रयत्न करत होता.

अध्यक्षांना फोन केला. म्हणाले, नवीन बेड येणार आहेत, प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली की लोकार्पण करू. मी म्हटलं, तोवर त्याच्या पाठीला थांबायला सांगू का? आवाज चढला माझा. चढू दे.

एक बेड आहे. नेरूळच्या नलिनीबाई साने. मिस्टर गणपतीनंतर गेले. बेड घरातच, फोन उचलत नाहीत. गु.ताईंना सांगितलं. "म्हायीत हाय. सोमवारी जाऊ," म्हणाल्या. सोमवारी का, उद्या का नाही? तर म्हणे उद्या रविवार, तुमाला कोपरखैरण्याला जायाचं हाय.

सोमवार, २४ नोव्हें.

आज मी तापलोय.

टेंपो घेऊन वेळेवर हजर. बोल्ट खोलायचा पाना खिशात. गु.ताई रिक्षातून उतरल्या, टेंपो बघितला आणि टेंपोवाल्याला सरळ परत पाठवला. लिफ्ट बंद. तीन मजले त्या गुडघ्यांनी, प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेत चढल्या.

न.बाईंनी दार उघडलं. हॉलमध्ये बेड. वर इस्त्रीची चादर, डोक्याची बाजू थोडी वर केलेली, उशीजवळ चष्म्याची केस. त्या स्वतः शेजारच्या दिवाणावर झोपतात हे चुरगळलेल्या पांघरुणावरून दिसत होतं.

गु.ताईंनी बेडचा ब काढला नाही. पाण्याची वेळ, सोसायटीचा सेक्रेटरी, सुनेचं बाळंतपण. मग विचारलं, "वैनी, साहेब येवढे महिने झोपून होते, तरी एक जखम नाय झाली पाठीला. कसं काय केलंत?" आणि न.बाई बोलायला लागल्या. कूस कशी बदलायची, उशी कुठे अडकवायची, चादर सुरकुतली की काय होतं. थांबेचनात. चहा झाला, चकली झाली. माझ्या खिशात पाना टोचत होता.

खाली उतरताना म्हटलं, "ताई, रबाळ्याला माणूस जमिनीवर पडलाय आणि आपण चकल्या खातोय."

त्या पायरीवर टेकल्या. "भाऊ, ती बाय रिकाम्या बेडची चादर रोज बदलते. तिच्यासमोर तुमी पाना काढनार? ध्यानात ठेवा. पयल्या खेपेला कोनाच्या दारात पाना न्यायाचा नाय. घरी ठेवायचा."

मला पटलेलं नाही. तिकडे पाठ सोलवटतेय.

बुधवार, २६ नोव्हें.

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी गु.ताईंनी न.बाईंना फोन केला. "एका पोरीला नवऱ्याला वळवता येत नाय हो. मला पन नाय येत. तुमी जरा दाखवाल?" एवढंच. आम्ही तिघं रिक्षाने रबाळ्याला. वाटेत न.बाईंनी रुमाल घट्ट धरलेला. दारात पोचल्यावर तर थबकल्याच. मला वाटलं, आता परत फिरतात.

आत रेखा नेहमीसारखी काखेत हात घालून उचलत होती. ते बघितलं मात्र, न.बाईंनी पदर खोचला. "अगं अशी ओढतेस काय त्याला? दोघंही मोडाल." चपला काढून आत, गुडघ्यांवर बसल्या. चादरीची दुमड घातली, एक टोक रेखाच्या हातात दिलं, एक स्वतः धरलं. "आता ओढ. त्याला नको, चादरीला ओढ." संतोष अलगद कुशीवर वळला. त्याने डोळे मिटले. पडल्यापासून पहिल्यांदा वळताना दुखलं नाही, म्हणाला. रेखा रडायला लागली. न.बाईंनी तिला रडू दिलं आणि पाठीमागे उशी अडकवली.

हात धुताना म्हणाल्या, "याला जमिनीवर का ठेवलाय? आमच्याकडे बेड पडून आहे की."

मी छताकडे बघितलं.

गु.ताई म्हणाल्या, "बगा! माझ्या ध्यानातच नाय आलं." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अशी बाई यार्डात असती तर मी पोर्टवाल्यांसमोर उभी केली असती.

गुरुवार, २७ नोव्हें.

बेड रबाळ्याला गेला. आज पाना नेला. मी बोल्ट खोलत असताना न.बाई इस्त्रीच्या चादरी बांधत होत्या, त्यासुद्धा दिल्या. बेड हलला तेव्हा फरशीवर चार पायांचे डाग निघाले. मी फडकं मागितलं. "राहू देत आत्ता," म्हणाल्या. मग टेंपोत ड्रायव्हरशेजारी स्वतः बसल्या, आम्हाला मागून रिक्षाने या म्हणाल्या.

परतताना गु.ताईंकडून कळलं, ही त्यांची नेहमीची रीत. ज्या घरचा बेड निघतो, त्या घरचं माणूस पुढच्या घरी सोबत जातं. करावेच्या सुनेने दारावेच्या म्हातारीला शिकवलं, तिच्या मुलाने आणखी कोणाला. कोणी नाही आलं तरी राग नाही. "पन बहुतेक येतात. घरी बसून काय करतील? सगळं शिकलेलं असतं आनि करायला मानूस उरत नाय."

मी जन्मभर कंटेनर परत मागवले, भांडून, नोटिसा पाठवून. या बाईने आजवर एक वस्तू परत मागितलेली नाही, आणि एक वस्तू हरवलेली नाही. मला तिचा मनापासून आदर वाटतो. पटलं, हेही लिहून ठेवतो.

तक्त्यातून लाल रंग काढला. पिवळापण.

रविवार, ७ डिसेंबर

सभा. अध्यक्षांनी 'प्रभावी सदस्य कसे व्हावे' यावर बाहेरचे वक्ते आणले होते. स्लाइडवर बाण आणि गोल. गु.ताई पहिल्या रांगेत बसून शांतपणे झोपल्या. वक्त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं काय मत?" त्या जागच्या जागी म्हणाल्या, "चांगलं हाय. पन सभेच्या वेळेला पेशंटचे फोन येतात, ते कोन उचलनार?" आणि खरंच त्यांचा फोन वाजला. त्या उचलायला बाहेर गेल्या ते परत आल्याच नाहीत. मीपण मागोमाग गेलो. समोसे बुडाले.

दुपारी महेशकडे. म्हाताऱ्याने मला बघून डावा हात उचलला. महेश म्हणतो, इतर कोणासाठी उचलत नाहीत.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गाळ्यावर तिळगूळ. गु.ताईंनी ताट न.बाईंच्या हातात दिलं, "तुमी वाटा पयला." न.बाई जरा घुटमळल्या. सगळ्या बायका हात पुढे करून उभ्या राहिल्या, शैलासुद्धा. मग वाटला. हल्ली त्या दर आठवड्याला रबाळ्याला जातात. संतोषची जखम भरली, ऑपरेशनची तारीख मिळालीय. आणखी एका घरी जातात, तिथल्या सुनेशी त्यांचं रोज भांडण होतं म्हणे. रंग आलाय बाईंच्या चेहऱ्यावर.

सगळे गेल्यावर गु.ताईंनी कमरेची चावी काढून माझ्यापुढे धरली. "मी परत येईपर्यंत. भिंत रंगवायची नाय. आनि पाना वेगळ्या खिळ्याला."

भाषण नाही, पुष्पगुच्छ नाही.

रविवार, २५ जाने.

गु.ताईंचं ऑपरेशन नीट झालं, घरी आल्या. वॉकर गाळ्यातलाच घेतला. माझ्याकडून भिंतीवर लिहून घेतलं: 'काळा वॉकर – गुलाब म्हात्रे, वरच्या मजल्यावर.' म्हटलं, ताई, तुमच्यासाठी कशाला लिहायचं? "मी काय येगळी हाय?" करावेच्या बाई तो वॉकर परत द्यायला आलेल्या, त्या आता त्यांना चालायला शिकवतात. गु.ताई त्यांचं अजिबात ऐकत नाहीत.

रविवार, १ फेब्रुवारी

महेशकडे. म्हातारा आज डोळे उघडत नव्हता. तरी डोकं थोडं वर केलं, खिडकी दिसेल असं. पार्किंगमध्ये काय चाललंय ते मीच सांगत बसलो. महेश आज केस कापायला गेला नाही. दाढी करत होता वडिलांची, फार हळू.

मंगळवार, ३ फेब्रु.

सुर्वे गेले. सकाळी. मी स्मशानात गेलो. महेशने मला बघितलं आणि खांद्याला जागा करून दिली. हलके झाले होते अगदी.

एवढंच लिहवतंय.

मंगळवार, १० फेब्रु.

जुईनगरहून फोन. निवृत्त शाळामास्तरीणबाई, खुब्याचं हाड मोडलंय, सोबत एकटी मुलगी. आडवं ठेवून भरवायला गेली की बाईंना ठसका लागतो, दोनदा जीव घुसमटला. बेड हवा, डोकं वर करता येणारा. गाळ्यात एकही नाही. अध्यक्षांचे बेड अजून पाहुण्यांच्या तारखेसाठी अडलेत.

एक बेड कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याहून मोठं म्हणजे, न ठसकता भरवणारा माणूस कुठे आहे तेही.

फोन केला नाही. करणार नाही. तात्पुरत्या उशा देऊन आलो मुलीला, पाठीमागे कशा रचायच्या ते न.बाईंनी दाखवलं. तेवढ्यावर किती दिवस निभेल...

सोमवार, १६ फेब्रु.

काल त्यांचे दिवस झाले. आज सकाळी महेशचा फोन.

"काका, बेड रिकामा झालाय. म्हटलं होतं ना, कळवतो." आवाजात राग नव्हता. म्हटलं, बेडचं नंतर बघू, मी दुपारी येतो चहाला.

गु.ताईंना विचारायला वर गेलो. वॉकर भिंतीला टेकवून खिडकीत बसल्या होत्या. म्हटलं, ताई, काय बोलू त्याच्याशी? जुईनगरचं कसं काढू? तो नाही म्हणाला तर?

"मला इचारू नका," म्हणाल्या. "दार तो तुमाला उघडनार हाय, मला नाय."

खरं सांगायचं तर भीती जुईनगरची नाही फक्त. बेड निघाला की माझे तिथले रविवार संपले. महेशला मी कोण? क्लबचा माणूस, बेडवाला. तो सोबत आला तर ती मुलगी सावरेल, मास्तरीणबाई सावरतील, आणि मीही. नाही आला तर हक्क आहे त्याचा. फार भरवलंय त्याने.

शैलाने डब्यात तिळाच्या वड्या भरून दिल्यात, संक्रांतीतल्या उरलेल्या. "काय बोलणार आहात?" म्हटलं, माहीत नाही. "मग ठीक आहे," म्हणाली.

गाळ्याची चावी खिळ्याला लावली. पाना दुसऱ्या खिळ्याला. खिसे चाचपून बघितले, दोन्ही रिकामे.

निघतो.